कॅडमध्ये आपला वेळ नक्की कुठे जातो? माऊस, कीबोर्ड आणि रिकामा बसलेला डावा हात

काटकोन

बरेच दिवस हा कॅडचा (संगणकावर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरचा) विषय डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकतो, लांबलंय, सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात आमच्याकडे एक नवीन ड्राफ्ट्समन आलाय त्याच्या शेजारी तासभर बसलो होतो. मुलगा हुशार आहे, ड्रॉइंग नीट वाचतो, चुका फार करत नाही, पण तरी काम संपता संपत नाही. म्हणून काही न बोलता नुसतं बघत बसलो. ऑफसेट (रेषेला ठरलेल्या अंतरावर समांतर रेषा काढणं) करायचा झाला की आधी नजर वर रिबनकडे (आयकॉनच्या पट्टीकडे) जाते, तिथे आयकॉन शोधतो, क्लिक करतो, मग उजवा हात माऊसवरून उचलून कीबोर्डवर, दीडशे टाईप, एंटर, परत हात माऊसवर, मग कर्सर कुठे गेला ते शोधायचं आणि मग मघाशी नक्की कुठली रेषा धरायची होती तेही परत शोधायचं. दर वेळी हेच. आणि डावा हात या सगळ्यात टेबलावर नुसता पडलेला.

माझं म्हणणं असं आहे की ड्रॉइंगवरून नजर जितक्या कमी वेळा उठेल तितकं काम भरभर होतं, बाकी मॅक्रो, लिस्प (ऑटोकॅडमध्ये चालणारे छोटे प्रोग्रॅम), मोठा मॉनिटर सगळं त्याच्या मागून.

हे नुसतं मत म्हणून सांगत नाहीये, हिशोब करता येतो. कार्ड, मोरान आणि नेवेल यांनी १९८० मध्ये कीस्ट्रोक लेव्हल मॉडेल म्हणून एक पद्धत मांडली, त्यात सरावलेल्या माणसाच्या प्रत्येक बारीक हालचालीला सरासरी वेळ दिलाय. साधारण सरावलेला टायपिस्ट असेल तर एक की दाबायला ०.२ सेकंद, माऊसने एखाद्या गोष्टीवर जाऊन पोचायला १.१, हात माऊसवरून कीबोर्डवर न्यायला किंवा परत आणायला ०.४, आणि 'आता पुढे काय' असं मनात जुळवायला १.३५. आता वरचा ऑफसेट मांडून बघा. आयकॉनपर्यंत १.१, क्लिक ०.२, हात कीबोर्डवर ०.४, दीडशे आणि एंटर मिळून चार कीज ०.८, हात परत ०.४, रेषेपर्यंत परत १.१. झाले ४ सेकंद. आणि डाव्या हाताने ओ, स्पेस, एक पाच शून्य, स्पेस केलं तर सहा कीज, १.२ सेकंद, आणि कर्सर रेषेवरच थांबलेला असतो. एका ऑफसेटमागे २.८ सेकंद वाचले. समजा दिवसात ३०० वेळा असं काहीतरी होत असेल (ऑफसेट, ट्रिम, कॉपी, फिलेट सगळं धरून) तर ८४० सेकंद, म्हणजे १४ मिनिटं. आणि यात ते १.३५ धरलेलेच नाहीत, 'मी मघाशी काय करत होतो' हे आठवायचे. माझ्या मते खरं नुकसान तिथेच आहे.

एक गंमत वाटते ती ही की ही दोन हातांची कल्पना अगदी सुरुवातीपासूनची आहे. सदरलँडने १९६३ मध्ये एमआयटीत टीएक्स २ वर स्केचपॅड केलं त्यात एका हातात लाईट पेन, पडद्यावर थेट काढायला, आणि कमांडसाठी बाजूला बटणांची पेटी. पेन रेषेच्या जवळ नेलं की बिंदू आपोआप रेषेवर जाऊन बसायचा, म्हणजे आपला ऑस्नॅपच. मग १९६८ च्या डिसेंबरमध्ये एंगलबार्टने माऊस दाखवला तेव्हाही त्याच्या उजव्या हाताखाली माऊस होता आणि डाव्या हाताखाली पाच कीजचा छोटा कीसेट. माऊस सगळीकडे गेला, डाव्या हाताची वस्तू मागेच राहिली.

तुम्ही लोक काय करता? सेटिंग्ज, सवयी, काय बदलल्याने खरोखर फरक पडला, सगळं लिहा.

रेघोटी

धागा वाचून एकदम पटलं. मी रेव्हिटवाली (इमारतींचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर), तिथे दोन अक्षरी शॉर्टकट असतात आणि एंटरसुद्धा लागत नाही, डब्ल्यू ए भिंत, डी आर दरवाजा, डब्ल्यू एन खिडकी, व्ही व्ही म्हणजे व्हिजिबिलिटी. सुरुवातीला वाटायचं एवढं पाठ कोण करणार, पण पाठ असे केलेच नाहीत, रोज पाच पाच वापरले आणि दोन महिन्यांनी बोटांना येत होते.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो सी एस चा, क्रिएट सिमिलर. समोर दिसतेय त्या खिडकीवर क्लिक करून सी एस, की तीच खिडकी हातात. यादीत जाऊन टाईप शोधायचाच नाही. तुमचा नजरेचा मुद्दा इथे तंतोतंत बसतो, कारण हवं ते ड्रॉइंगमध्ये समोर असतंच, मग यादीत कशाला जायचं. ऑटोकॅडमध्येही ॲडसिलेक्टेड आहे तेच करणारं, पण मी बघितलेल्यांपैकी फार कमी लोक वापरतात.

बाकी एक शंका, ऑफसेटचा ओ तर कीबोर्डच्या उजव्या बाजूला आहे, एल आणि एम पण. डावा हात तिथपर्यंत ताणायचा का?

काटकोन

रेघोटी, बरोबर पकडलंत. डिफॉल्ट शॉर्टकट इंग्रजी नावाच्या पहिल्या अक्षरावरून ठेवलेत, हात कुठे असतो ते बघून नाही. त्यामुळे लाईन, मूव्ह, ऑफसेट, मिरर सगळे उजवीकडे जाऊन बसलेत. मी ऑटोकॅडच्या एकॅड डॉट पीजीपी फाईलमध्ये (शॉर्टकटची यादी असते ती) माझे बदललेत. आर्क मला क्वचित लागतो म्हणून ए लाईनला देऊन टाकला, डब्ल्यू मूव्हला कारण डब्ल्यूब्लॉक (ड्रॉइंगचा तुकडा वेगळ्या फाईलमध्ये सेव्ह करणं) मी महिन्यातून एखाद्या वेळी करतो, ऑफसेटला क्यू. त्या फाईलच्या शेवटी आपले स्वतःचे टाकायला जागा असते तिथेच टाकायचे, एकच अक्षर दोनदा आलं तर नंतरचं चालतं, त्यामुळे मूळचं काही खोडावं लागत नाही. मग रिइनिट कमांड दिली की प्रोग्रॅम बंद न करता फाईल परत वाचली जाते.

आकड्यांचं म्हणाल तर न्यूमपॅडही उजवीकडेच. मी वेगळा यूएसबी न्यूमपॅड घेऊन कीबोर्डच्या डाव्या बाजूला ठेवलाय, पहिले चार दिवस चुकत होतो, आता त्याच्याशिवाय अडतं.

साचेकार

सगळं वाचलं, हिशोब आवडला, पण मला वाटतं तुम्ही टूडीच्या चष्म्यातून बघताय.

मी प्लास्टिक मोल्डची डिझाइन करतो, सगळं थ्रीडी पॅरामेट्रिक (माप बदललं की आकार बदलतो असं). माझा वेळ क्लिक करण्यात जातच नाही. माझा वेळ जातो दुसऱ्याने केलेलं मॉडेल उघडून त्यातलं कुठलं फीचर (मॉडेल बनवतानाची एक एक पायरी) बदलायचंय हे शोधण्यात, आणि ते बदलल्यावर खालची आठ फीचर्स लाल झाली, म्हणजे एरर आली, की त्यामागे धावण्यात. झाडात (बाजूला फीचर्सची यादी असते त्यात) बॉस एक्स्ट्रूड ४७, कट एक्स्ट्रूड ६२, फिलेट ११३ अशी नावं असली की त्यातून काहीच कळत नाही. तिथे तुम्ही ओ स्पेस कितीही पटकन दाबा, काय उपयोग.

कीस्ट्रोकवालं मॉडेल पण सरावलेला माणूस, चूक न करता, ठरलेलं काम करतोय असंच धरून चालतं. ते 'आता पुढे काय' चे १.३५ सोडले तर खरा विचार करायला लागणारा वेळ त्यात नाही. आणि आमच्या कामात तोच मोठा.

तर माझ्याकडून हे. एक, फीचर केलं की तिथल्या तिथे एफ २ दाबून नाव द्या, 'मुख्य भिंत', 'स्क्रू बॉस', 'गेट' असं काही पण, दोन सेकंद लागतात आणि सहा महिन्यांनी उघडल्यावर कोणाचा तरी अर्धा तास वाचतो. दुसरं, सॉलिडवर्क्समध्ये झाडात शोधायला जाऊच नका, मॉडेलवरच त्या फेसवर (पृष्ठभागावर) क्लिक करा, कर्सरजवळ छोटी पट्टी येते त्यात एडिट फीचर आणि एडिट स्केच दोन्ही असतात. तरी झाडातच जायचं असेल तर वर गाळणीची चौकट आहे त्यात नाव टाईप करा, पण ते नावं दिली असतील तरच. आणि मॉडेल जड झालं असेल तर परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन उघडून बघा, कुठल्या फीचरला रिबिल्डला (परत बनायला) किती वेळ लागतो त्याची यादी येते, बऱ्याचदा एखाद-दोन फीचर्सच सगळा वेळ खात असतात, माझ्याकडे तरी बहुतेक वेळा टेक्श्चर किंवा एखादा भलामोठा पॅटर्न निघतो.

काटकोन

साचेकार, नावाचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि टूडीतही लेयरच्या नावांचं तेच आहे, लेयर १ लेयर २ लेयर नवीन लेयर नवीन नवीन. पण एक बघा, फेसवर क्लिक करून एडिट फीचर हे तुम्हीच सांगितलंत, म्हणजे झाडाकडे न बघता भूमितीवरच राहायचं. आपण दोघं एकच सांगतोय असं मला वाटतं.

साचेकार

हो, तसं बघितलं तर हो. फक्त पहिल्यांदा काय शिकवायचं त्यात फरक आहे. मी नवीन माणसाला आधी नावं द्यायला लावतो, शॉर्टकट नंतर.

नवाविद्यार्थी

मी कॅड शिकायला लागून तीन महिने झालेत. धागा वाचून थोडा घाबरलोय. मी सगळं आयकॉनवरूनच करतो कारण कमांडची नावं लक्षात राहत नाहीत, आयकॉन बघितला की आठवतं. आता ते सोडून एकदम सगळं टाईप करायला लागायचं का? प्रयत्न केला तर आणखी हळू होतंय आणि सबमिशन असतं तेव्हा परत आयकॉनवर येतो.

अर्धगोल

नवाविद्यार्थी, घाबरू नकोस, तुझा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तू म्हणतोस ते होणं अगदी स्वाभाविक आहे. आयकॉन शोधणं हे एक कौशल्य आणि टाईप करणं हे पूर्ण वेगळं कौशल्य. तू आयकॉनवर हजार वेळा क्लिक केलंस तरी त्याने टायपिंगचा सराव एका अक्षराचाही होत नाही. म्हणून माणसं वर्षानुवर्षं आयकॉनवरच अडकून राहतात, आळस वगैरे काही नाही, बदलताना मधे एक खड्डा लागतो आणि कामाच्या घाईत त्या खड्ड्यात उतरायला कोणाला परवडत नाही.

यावर एक फार सुंदर उपाय काढलेला आहे तो म्हणजे मार्किंग मेनू. टोरोंटो विद्यापीठात कर्टनबाख आणि बक्स्टन यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला यावर काम केलं. कल्पना अशी की बटण दाबून धरलं की कर्सरभोवती गोल मेनू उघडतो, हव्या त्या दिशेला ओढून सोडायचं. नवीन माणूस थांबून मेनू वाचतो आणि मग ओढतो. सरावलेला माणूस मेनू उघडायची वाटच बघत नाही, नुसतं त्या दिशेला ओढतो. पण हाताची हालचाल दोघांची एकच! म्हणजे शिकताना केलेली प्रत्येक निवड हीच पुढच्या वेगाची तालीम होते, मधला खड्डाच नाही.

फ्यूजनमध्ये राईट क्लिकला हाच मेनू येतो. सॉलिडवर्क्समध्ये राईट बटण धरून ओढलं की माऊस जेश्चर येतात, डिफॉल्टला कमी असतात, आठ बारापर्यंत वाढवता येतात, आणि पार्ट, असेंब्ली, ड्रॉइंग, स्केच प्रत्येकाचे वेगळे ठेवता येतात. मी स्केचचे असे ठेवलेत की वर ओढलं की रेषा, उजवीकडे आयत, खाली स्मार्ट डायमेन्शन, डावीकडे वर्तुळ. आता मला विचारलं की डायमेन्शनचा आयकॉन कसा दिसतो तर सांगता येणार नाही, हात खाली जातो एवढंच माहिती आहे.

आणि काटकोन यांनी एक गोष्ट लिहिली नाही ती फिट्सचा नियम, १९५४ चा. लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान तितका तिथे पोचायला वेळ जास्त. आता बघा, मॉनिटर मोठे झाले, रेझोल्यूशन वाढलं, रिबन गेलं पार वर आणि आयकॉन झाले बारीक, म्हणजे दोन्ही बाजूंनी नुकसान. गोल मेनू कर्सरपाशीच उघडतो, सगळ्या पर्यायांचं अंतर सारखं आणि पाचरीसारखी मोठी जागा. सॉलिडवर्क्स, फ्यूजन, ऑनशेप तिन्हींमध्ये एस दाबलं की शॉर्टकटची पेटी कर्सरपाशी येते तीही याचसाठी. आणि सॉलिडवर्क्समध्ये डी दाबून बघा, कोपऱ्यातलं ओके आणि कॅन्सल कर्सरजवळ येतं. तेवढ्यासाठी मी दिवसभर वरच्या कोपऱ्यात फेऱ्या मारत होतो.

काटकोन

अर्धगोल, वा, हे मला असं सुटं सुटं माहिती होतं पण 'हालचाल एकच' हे कधी डोक्यात आलं नव्हतं. धन्यवाद.

नवाविद्यार्थी, तू असं कर. सगळं एकदम सोडू नकोस. दर आठवड्याला एकच कमांड निवड, तिचा आयकॉन रिबनवरून काढूनच टाक (सीयूआयमध्ये, म्हणजे आयकॉन-मेनू बदलायच्या खिडकीत, जाऊन काढता येतो, परतही आणता येतो), म्हणजे सवयीने हात गेला तरी तिथे काही नाही. बाकी सगळे आयकॉन राहू देत. सबमिशनच्या आठवड्यात नवीन काही घेऊ नकोस. आणि नाव पूर्ण आठवायची गरज नाही, कमांडलाईनला दोन-तीन अक्षरं टाकलीस की खाली यादी येते.

टीस्क्वेअर

मी या धाग्यावर बहुतेक सगळ्यात जुना असेन, ड्रॉइंग बोर्डवर सुरुवात केली आणि मग डिजिटायझर टॅब्लेटवर आलो. तरुण मंडळींनी बघितला नसेल म्हणून सांगतो. टेबलावर मोठी पाटी, तिच्यावर छापील टेम्प्लेट चिकटवलेलं, त्यात कमांडचे चौकोन, हातात पक, त्याला काचेची खिडकी आणि फुली. ऑफसेट पाहिजे तर पाटीवर ऑफसेटच्या चौकोनावर पक नेऊन दाबायचं. काटकोन यांच्या हिशोबाने हे वाईटच, कारण नजर पडद्यावरून थेट टेबलावर. पण एक होतं. ते चौकोन जागचे हलत नव्हते. सहा महिन्यांनी मी पाटीकडे बघत नव्हतो, हात आपोआप जायचा.

आताच्या रिबनची अडचण मला तीच वाटते. ऑटोकॅडमध्ये रिबन २००९ च्या आवृत्तीत आलं, त्यावर काही निवडलं की नवीन टॅब उघडतो, निवड काढली की जातो, खिडकी लहान केली की बटणं आकसतात आणि काही आत लपतात. मग हाताला जागा कशी लक्षात राहणार? दर वेळी डोळ्यांनीच शोधावं लागतं. २०१५ च्या आवृत्तीत क्लासिक वर्कस्पेस (जुन्या टूलबारची मांडणी) पण काढलं, तेव्हा मी जुने टूलबार परत लावून माझं वर्कस्पेस सेव्ह करून घेतलं आणि आजही तेच चालवतो.

तसंच ट्रिमचं. वीस-पंचवीस वर्षं हातात बसलेलं की ट्रिम, मग कापणाऱ्या रेषा निवडा, एंटर, मग कापायचं ते दाखवा. २०२१ पासून क्विक मोड डिफॉल्ट, थेट कापायचं तेच दाखवायचं. एकदा मी घाईत जुन्या सवयीने कापणारी रेषाच दाखवली, ती कापली गेली, आणि मोठ्या प्लॅनमध्ये लगेच लक्षात आलं नाही. नवीन पद्धत चांगली आहे, पायऱ्या कमी आहेत, हे मी मनापासून सांगतो. पण ज्यांना जुनी पाहिजे त्यांनी ट्रिमएक्स्टेंडमोड शून्य करा. कंपन्यांनी सुधारणा जरूर कराव्यात, फक्त हाताच्या सवयीला हात घालताना पहिल्यांदा ठळक सांगावं एवढंच.

रेघोटी

टीस्क्वेअरकाका, ते टेम्प्लेटचं वाचून छान वाटलं. जागेचा मुद्दा एकदम बरोबर, माझ्या फोनवर ॲपची जागा बदलली तरी माझा अंगठा जुन्या जागी जातो.

समांतर

सगळे वेगाबद्दल बोलतायत, मला हाताबद्दल बोलायचंय. दीड वर्षापूर्वी उजवं मनगट इतकं दुखायला लागलं की पेन धरता येईना. डॉक्टरांकडे गेले, फिजिओथेरपी झाली, पण त्यांनी विचारलं दिवसभर हात काय करतो ते दाखवा, तेव्हा मी बघितलं की मी सतत मधलं चाक दाबून धरते. पॅन करायला (ड्रॉइंग बाजूला सरकवायला) चाक दाबून ओढ, थ्रीडी फिरवायला शिफ्ट आणि चाक दाबून ओढ. ते चाक फिरवायला बनवलेलं, दाबून धरायला कडक. दिवसातून हजारो वेळा.

मी काय केलं ते लिहिते. माऊसच्या अंगठ्यापाशी जी दोन बटणं असतात त्यातलं एक मधल्या बटणाचं काम करायला लावलं, चाकाला हातच नाही. पॅन कमी केला, त्याऐवजी कर्सर जिथे आहे तिथेच झूम आउट करून दुसरीकडे झूम इन करते. राईट क्लिकला वेळेचं सेटिंग केलं, पटकन दाबलं तर एंटर, दाबून ठेवलं तर मेनू, ऑटोकॅडमध्ये २५० मिलिसेकंद डिफॉल्ट आहे, मला ते थोडं वाढवावं लागलं. आणि डाव्या हाताला स्पेसमाऊस घेतला थ्रीडीसाठी, ती टोपी ढकलली, वळवली, उचलली की मॉडेल तसं फिरतं.

पण काटकोन, इथे तुमच्या पद्धतीशी भांडण होतं. डावा हात एकच आहे. तो स्पेसमाऊसवर असला की कीबोर्डवर नाही. टूडीत मी कीबोर्डवर ठेवते, मॉडेल तपासताना, असेंब्ली फिरवून बघताना स्पेसमाऊसवर. एकाच कामात दोन्हीकडे उड्या मारल्या तर ०.४ सेकंद परत मोजायला लागतील.

काटकोन

समांतर, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. कमांड देणं आणि बघत फिरणं ही दोन वेगळी कामं आहेत, माझ्या डोक्यात सगळं कमांडचंच होतं. चाक दाबून धरण्याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं, आज मुद्दाम बघितलं आणि तुम्ही म्हणता तसंच होतंय.

घनाकार

तीन-चार सॉफ्टवेअर रोज वापरावी लागणाऱ्यांचं पण कोणीतरी लिहा. ऑटोकॅडमध्ये चाक दाबलं की पॅन, सॉलिडवर्क्समध्ये चाक दाबलं की फिरतं आणि पॅनला कंट्रोल, एनएक्समध्ये फिरतं पण पॅनला शिफ्ट, राइनोत राईट बटणाने फिरतं. आणि ऑटोकॅडमध्ये चाक पुढे ढकललं की जवळ येतं, सॉलिडवर्क्समध्ये डिफॉल्टला लांब जातं. सकाळी एक आणि दुपारी दुसरं उघडलं की पहिली दहा मिनिटं मॉडेल भलतीकडेच पळत असतं. चाकाची दिशा उलटी करायचा पर्याय सेटिंगमध्ये आहे, तो तरी प्रत्येकाने पहिल्याच दिवशी करून घ्या. शक्य तेवढी सगळी सॉफ्टवेअर एकाच सवयीवर आणायची, कुठली ते महत्त्वाचं नाही.

शॉर्टकटचंही तसंच. मी काटकोन यांच्यासारखे सगळे बदलत नाही, कारण दुसऱ्याच्या मशीनवर बसलो की काहीच चालत नाही, ए दाबला की आर्क सुरू होतो. मी फक्त जी अक्षरं मोकळी आहेत तीच वापरतो, असलेली बदलत नाही.

काटकोन

घनाकार, मान्य, ही किंमत आहेच. मी पीजीपी फाईल पेनड्राइव्हवर ठेवतो, पण दुसऱ्याच्या मशीनवर त्याची फाईल बदलणं बरं दिसत नाही हेही खरं. ज्याला रोज मशीन बदलावं लागतं त्याने तुमचं ऐकावं.

अर्धगोल

एक छोटी गोष्ट जी मराठीत टाईप करणाऱ्या सगळ्यांना आली असेल. ड्रॉइंगमध्ये मराठीत नोट टाकली आणि कीबोर्ड परत इंग्रजीवर आणायला विसरलो की पुढची कमांड चालत नाही. इनस्क्रिप्ट असेल तर एल दाबलं की कमांडलाईनला 'त' उमटतो. आणि मग काही क्षण कळतच नाही काय झालंय. विंडोजमध्ये प्रत्येक खिडकीला वेगळी इनपुट भाषा ठेवायचा पर्याय आहे तो चालू करा, आणि मराठी मजकूर नोटपॅडमध्ये टाईप करून कॉपी करा. कॅडची खिडकी कायम इंग्रजीवर राहते.

रेघोटी

हे!! मी दर वेळी एस्केप एस्केप करत बसायचे. धन्यवाद अर्धगोल.

साचेकार

मला एक सुचवायचंय. आपण सगळे अंदाजाने बोलतोय की ही कमांड जास्त लागते, ती कमी लागते. मोजायला पाहिजे. ऑटोकॅडमध्ये लॉगफाईलऑन दिलं की कमांडलाईनवर येणारं सगळं एका टेक्स्ट फाईलमध्ये उतरत जातं. आठवडाभर चालू ठेवा आणि मग शोधून मोजा कुठलं नाव किती वेळा आलं. त्यातल्या पहिल्या दहा कमांडपुरतं सगळं नीट करा, बाकीच्यांना हात लावू नका.

नवाविद्यार्थी

साचेकारसर, मी केलं! पाच दिवस लॉग चालू ठेवला. मला वाटलं होतं लाईन सगळ्यात जास्त येईल. पण सगळ्यात जास्त वेळा 'कॅन्सल' आलंय, म्हणजे मी एस्केप दाबल्यावर जे येतं ते. लाईन दुसऱ्या नंबरवर. ही चांगली गोष्ट नाही ना?

साचेकार

थोडे कॅन्सल येणारच, काही निवडलेलं सोडायला एस्केप दाबलं तरी येतं. पण प्रत्येक कॅन्सलच्या वर काय होतं ते वाच. कुठल्या कमांडमधून बाहेर पडतोयस?

नवाविद्यार्थी

वाचलं. खूपसे ऑफसेटमधून आहेत. ऑफसेट सुरू करतो, अंतर विचारतो, मग लक्षात येतं की अंतर माहितीच नाही, मग एस्केप, मग डिस्ट देऊन दुसऱ्या दोन रेषांमधलं अंतर मोजतो, आकडा कागदावर लिहितो (२३७.५ असं काहीतरी असतं, लक्षात राहत नाही), मग परत ऑफसेट, मग तो आकडा टाईप. एकदा त्यात चूक होऊन सगळी पायरी पाच मिलिमीटरने सरकली होती.

काटकोन

अरे, मग आकडा टाईपच करू नकोस. ऑफसेटने अंतर विचारलं की तिथेच ड्रॉइंगमध्ये दोन बिंदू दाखव, पहिल्या रेषेवर एंडपॉइंट (टोक) आणि दुसऱ्यावर पर्पेंडिक्युलर (लंब), तो स्वतः अंतर घेतो. कागद नको, डिस्ट नको, आणि आकडा चुकायची भीतीच नाही. आणि कधी खरंच मोजायचंच असेल तर कमांड न सोडता आधी अपॉस्ट्रॉफी टाकून डिस्ट दे, मोजून झालं की ऑफसेट जिथे होता तिथून पुढे चालू होतो.

नवाविद्यार्थी

आत्ता करून बघितलं, दोन्ही बिंदू दाखवले आणि चाललं!! एकदाही एस्केप नाही. मूव्ह आणि कॉपीमध्ये पण मी आधी मोजून आकडा टाकत होतो, तिथेही बेस पॉइंट आणि दुसरा बिंदू दाखवला की झालं ना? उद्या लॉग परत चालू करतो आणि कॅन्सल किती राहिले ते इथे टाकतो.

समांतर

हो, तिथेही चालतं. आणि पॅन किती वेळा करतोस तेही बघ.